किती झाल्या?

मराठीच्या मास्तराला लोक काय विचारतील याचा नेम नाही. 'दीर्घ की ऱ्हस्व?' इथपासून 'मुलीचे नाव भ वरून हवे, दोन अक्षरी हवे, पण जुने वाटता कामा नये' इथपर्यंत सगळ्या प्रश्नांना मी आजवर तोंड दिले आहे. तरी गेल्या जूनमध्ये एका संध्याकाळी पाच वाजता शेजारच्या अण्णांचा फोन आला नि त्यांनी घाईघाईने विचारले, "सर, कोंबड्या रात्री घरी कधी येतात हो?", तेव्हा मी क्षणभर गडबडलोच. मला वाटले, हा एखादा वाक्प्रचार असावा आणि अण्णांना त्याचा अर्थ हवा असावा.

पण प्रश्न अगदी सरळ होता. अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. आमच्या इमारतीच्या मागे त्यांचा जुना बंगला आहे, आणि पुण्यात अजून ज्याला परसू म्हणता येईल असा मोकळा तुकडा त्या बंगल्याला आहे. तिथे त्यांनी त्या दिवशी पाच गावठी कोंबड्या आणून सोडल्या होत्या. सुताराकडून खुराडे करून घेतले होते, त्याला जाळी, कौलारू छप्पर आणि आत विजेचा दिवा. एवढा सगळा थाट असून पाच वाजले तरी एकही कोंबडी त्यात शिरायला तयार नव्हती. मी राजापूर तालुक्यातला. कोकणातल्या माणसाला आंबे, मासळी, कोंबड्या नि कोर्टकचेऱ्या यांतले सगळे कळते अशी पुण्याची समजूत आहे. म्हणून मला फोन.

"अण्णा, पाचला कशा येतील? तिन्हीसांजेला येतील," मी म्हणालो.

"म्हणजे नक्की किती वाजता?"

"दिवेलागणीला."

"अहो, दिवे आमच्याकडे दुपारपासून लागलेले आहेत!"

शेवटी चपला घालून मी तिथे गेलो. अण्णा पंचा पसरून एका काबऱ्या कोंबडीच्या मागे होते, आणि काकू झाडू घेऊन मोगऱ्याच्या वाफ्याशी नाकेबंदी करून उभ्या होत्या. कोंबड्या दोघांनाही दाद देत नव्हत्या. सात वाजले तेव्हा त्यांतल्या तिघी शेवग्यावर चढल्या आणि उरलेल्या दोघी गच्चीच्या जिन्याच्या कठड्यावर जाऊन बसल्या. अण्णांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच त्यांना वर जायचा सल्ला दिला होता.

चूक एवढीच झाली होती, की त्यांनी कोंबड्या पहिल्याच दिवशी मोकळ्या सोडल्या. 'प्रवासाने दमल्या असतील, जरा पाय मोकळे करू देत', हा त्यांतला भाव. भाव उत्तम, पण कोंबडीच्या लेखी घर म्हणजे काल रात्री जिथे झोपलो ती जागा. ती जागा मुळशीकडच्या कुठल्याशा गोठ्यात राहिली होती. नवीन कोंबड्या आणल्या की चार-सहा दिवस खुराड्यातच कोंडून ठेवायच्या, तिथेच दाणा-पाणी द्यायचे, आणि मग दार उघडायचे. त्यानंतर त्या दिवसभर कुठेही हुंदडोत, दिवस कलला की आपल्या पायांनी घरी येतात. हाकावे लागत नाही, बोलवावे लागत नाही.

आणि शेवग्यावर चढल्या त्यातही त्यांचे काही चुकले नव्हते. कोंबडीचे मूळ घराणे जंगलातल्या तांबड्या रानकोंबड्यांचे, आणि रानकोंबडी रात्री झाडावरच बसते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने असे मांडले आहे, की सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी आग्नेय आशियात, भातशेतीच्या आसऱ्याने, हा पक्षी माणसाच्या अंगणात आला. खळ्यात सांडलेल्या दाण्यासाठी आला नि राहिला, अशी ती कथा आहे. कोकणातल्या कुणाही म्हातारीने ती संशोधनावाचून मान्य केली असती. आमच्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडा हा त्याच गोतातला. तोही संध्याकाळी फांदीच गाठतो. तेव्हा रात्र पडली की उंच जागा शोधायची, ही खोड साडेतीन हजार वर्षांतही गेली नाही. म्हणून खुराड्यात आडवी दांडी हवी. अण्णांच्या खुराड्यात दिवा होता, पण दांडी नव्हती.

"आता या उतरवायच्या कशा?" काकूंनी विचारले.

"चहा करा. पुरता अंधार पडू द्या," मी म्हणालो.

साडेसातनंतर आम्ही स्टूल आणि बॅटरी घेऊन गेलो. फळीवरच्या बरण्या काढाव्यात तशा एकेक कोंबडी उचलली आणि खुराड्यात नेऊन ठेवली. ज्या काबरीने अण्णांना दीड तास पळवले होते, तिने आता 'कुर्र' एवढाच निषेध नोंदवला. अण्णा थक्क झाले. पण यात माझी करामत काही नव्हती. कोंबडीला अंधारात दिसत नाही, इतकेच. दिवसा तिच्या डोळ्यांची बरोबरी आपण करू शकणार नाही. रंग ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या डोळ्यांत तीन प्रकारच्या असतात, कोंबडीच्या डोळ्यांत चार प्रकारच्या. आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही तिला दिसतो. पण मंद उजेडात पाहण्याचे काम तिचे डोळे फार थोडे करतात. आपल्याला जेव्हा संध्याकाळ 'रम्य' वाटू लागते, तेव्हा कोंबडीचे जग मिटत आलेले असते. ती लगबगीने घराकडे वळते ती ओढीने वळते असे आपण म्हणतो खरे. पण आणखी पंधरा मिनिटांनी आपण आंधळे होणार आहोत, ही जाण त्या लगबगीत असते.

पुढचे सहा दिवस कोंबड्या कोंडलेल्या राहिल्या, दांडी बसली, आणि सातव्या दिवशी पाचही जणी आपणहून आत गेल्या. तेव्हापासून अण्णांनी बँकेतल्या सवयीने एक वही उघडली. तारीख, सूर्यास्त, आभाळ, पहिली कोंबडी आत गेल्याची वेळ, शेवटची आत गेल्याची वेळ, असे रकाने. जूनमध्ये पुण्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. तेव्हाच्या नोंदीत शेवटची कोंबडी साडेसातला आत. सप्टेंबरच्या मध्यावर सूर्यास्त पावणेसातच्या आत आला, तर कोंबड्याही तेवढ्याच मागे सरकल्या. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा सूर्य सहाच्या सुमाराला जात असेल, आणि कोंबड्या घड्याळ न पाहता त्याच्यामागोमाग. साधारण हिशेब असा निघतो, की पहिली सूर्यास्ताच्या थोडी आधी जाते नि शेवटची सूर्यास्तानंतर दहा ते वीस मिनिटांनी. आषाढात आभाळ भरून आले, की सगळा कारभार पंधरा-वीस मिनिटे आधी आटोपतो. अण्णा म्हणतात, "चाळीस वर्षं बँकेत वेळेवर घरी जाणारे पुष्कळ पाहिले सर, पण इतके नेमाने कोणी नाही."

आत जाण्याचाही क्रम असतो. काबरी आधी जाते आणि दांडीचा भिंतीकडचा कोपरा धरते. मग दोघी तांबड्या. मग काळी. सर्वांत धाकटी पांढरी आत जाते, टोच खाते, बाहेर येते, पुन्हा आत जाते, पुन्हा बाहेर. हा येरझाऱ्यांचा खेळ तीन-चारदा होतो आणि अंधार अगदी उंबऱ्याशी आला, की बिचारी टोच सोसून टोकाला बसते. कोंबड्यांतली ही उतरंड नॉर्वेच्या थोर्लेफ श्येल्डरुप-एब्बे नावाच्या माणसाने पहिल्यांदा शास्त्रशुद्ध मांडली, १९२१ साली. लहानपणापासून तो कोंबड्यांच्या टोचा मोजत आला होता. मी हे मोठ्या विद्वत्तेने अण्णांना सांगितले. ते म्हणाले, "आमच्याकडे याला सेवाज्येष्ठता म्हणत."

आणखी एक गोष्ट त्यांना सांगावी लागली, ती त्यांच्या दिव्याविषयी. दिवस लहान झाला की कोंबड्यांची अंडी घटतात. आमच्याकडे 'कोंबड्या दिवाळीच्या रजेवर गेल्या' असे म्हणत. त्यावर उपाय म्हणून लोक खुराड्यात दिवा लावतात. पण तो संध्याकाळी लावून रात्री फट्कन मालवला, तर कोंबड्या असतील तिथे अंधारात सापडतात, दांडीवर चढू शकत नाहीत. लावायचाच तर पहाटे लावावा. संध्याकाळ तिची तिला हळूहळू येऊ द्यावी.

तिला ती कळते कशी, हाही प्रश्न आहेच. नुसत्या डोळ्यांनी नव्हे. पक्ष्यांच्या मेंदूला कवटीच्या पातळ हाडातून झिरपणारा उजेडही जाणवतो. शिवाय आत एक घड्याळ असते. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले, की कोंबडे सतत एकाच मंद उजेडात ठेवले तरी पहाट व्हायच्या वेळेला आरवतात. त्यांना तांबडे दिसावे लागत नाही. पण घड्याळ आणि उजेड यांचे भांडण झाले तर? माझी एक मावशी कारवारला दिलेली. १९८० च्या १६ फेब्रुवारीला खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी कारवार-अंकोल्यावरून गेली. तेव्हा मी जन्मालाही आलो नव्हतो, पण मावशीच्या तोंडून ते ग्रहण मी इतक्यांदा ऐकले आहे की पाहिल्यासारखेच आहे. भर दुपारी उजेड पिवळा पडला, वारा थंड झाला, आणि तिच्या कोंबड्या एकामागून एक निमूट खुराड्यात गेल्या. दोन-तीन मिनिटांत सूर्य पुन्हा उघडला, तशा बाहेर आल्या. "अगदी लाजल्यासारख्या दिसत होत्या," मावशी सांगे. लाजण्याचे कलम मावशीचे.

मास्तर असल्यामुळे एक तक्रार इथे नोंदवून ठेवतो. गाई घरी येतात त्या वेळेला आपण गोरज म्हणतो आणि त्यावर लग्ने लावतो. कातरवेळ, सांजवेळ, दिवेलागण, तिन्हीसांजा. संध्याकाळसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. कोंबड्याच्या पहाटेलाही आपण म्हण दिली आहे: कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. पण कोंबडीच्या संध्याकाळला भाषेत जागा नाही. उलट तिच्या घराचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो. मुंबईला कुणाची खोली लहान असली की आपण म्हणतो, 'खुराडे आहे नुसते.' यातल्या एका तरी माणसाने संध्याकाळी खुराड्याची फळी लावली असेल असे मला वाटत नाही.

मी लावली आहे. आणि एकदा लावली नाही. एवढा वेळ कोंबड्यांचे शास्त्र सांगत बसलो, त्याचे खरे कारण हे आहे.

आमचे खुराडे जांभ्या चिऱ्यांचे होते, पडवीच्या टोकाला. तोंडाशी एक फळी लावायची नि तिला बाहेरून धोंडा टेकवायचा. सात कोंबड्या आणि एक कोंबडा. त्या आजीच्या होत्या. घराच्या नव्हे, आजीच्या. अंड्यांचे पैसे ती एका पत्र्याच्या डब्यात टाकी आणि त्या डब्याकडे माझे वडीलसुद्धा बघत नसत. १९९१ साली मी पाचवीत होतो. तेव्हा आजीची नजर उतरत चालली होती. दिवसा ती तांदळातला खडा अजून काढी, पण दिवस कलला की तिला उंबरा दिसेना. वडील म्हणत, राजापूरला जाऊन चष्मा करून आणू. ती म्हणे, "माझ्या चष्म्याचं माझ्या कोंबड्या बघतील." डबा निम्मा भरला होता.

म्हणून संध्याकाळी कोंबड्या मोजायचे काम माझ्याकडे आले. मी खुराड्याशी उकिडवा बसायचो आणि ती तुळशीपाशी दिवा लावता लावता विचारायची, "किती झाल्या रे?" मी सांगायचो, पाच. मग, सहा. कोंबडा सगळ्यांत शेवटी आत जाई. "आठ" म्हटले की ती म्हणे, "लाव फळी." एवढाच आमचा रोजचा संवाद. तो चुकलेला मला आठवत नाही.

त्या वर्षी धनत्रयोदशीला मुंबईची चुलत भावंडे आली. आम्ही माडाखाली कामट्यांचा आकाशकंदील करत बसलो होतो. खळ चिकटत नव्हती, कागद फाटत होता, भांडणे चालली होती. आजीने पडवीतून हाक मारली, "किती झाल्या रे?" मी मान वर न करता ओरडलो, "आठ!" 

"लावलीस फळी?"

"लावली!"

आठ असतीलही. कोंबड्या आपले काम चुकत नाहीत. त्या आत गेल्याच असणार. फळी मात्र भिंतीला टेकवलेली होती, तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे चारला उठवले, परसातल्या चुलीवर पाणी तापत होते, अंगाला तेल लागले होते, थंडीने आम्ही कुडकुडत होतो. आजी चुलीत लाकूड सारता सारता थांबली. म्हणाली, "कोंबडा का नाही आरवला?" 

मला तेव्हाच कळले.

रानमांजर असावे. कोंबडा नेला होता, तिघी तिथेच पडल्या होत्या. चौघी आतल्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्या होत्या. पडवीपासून गडग्यापर्यंत पिसे. वडील कंदील घेऊन आले, फळी पाहिली आणि माझ्याकडे वळले. त्यांनी तोंड उघडायच्या आत आजी म्हणाली, "त्याला नको बोलूस. फळी मी लावली काल. धोंडा नीट बसला नसेल. दिसत नाही मला."

मी काही बोललो नाही. मुंबईची भावंडे तिथेच होती, दिवाळीचा दिवस होता, फटाके वाटायचे होते. दहा वर्षांच्या मुलाला गप्प बसायला एवढी कारणे पुष्कळ होतात. नंतर बोलायचे म्हटले तर नंतर ते कधी जमले नाही. वडील आता ऐंशीच्या घरात आहेत, गावीच असतात, आणि हा दिवाळी अंक दरवर्षी पोस्टाने त्यांना जातो. त्यांनाही हे यंदाच कळेल.

त्या दिवशी फराळ झाला, पाहुणे आले-गेले. संध्याकाळी मी खुराड्याकडे फिरकायचे नाही असे ठरवून माडाखाली बसलो होतो. तुळशीपाशी दिवा लागला. आजीची हाक आली, "किती झाल्या रे?" कालचाच आवाज. मी उठलो, जाऊन उकिडवा बसलो. "चार." "लाव फळी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने स्वतः आली आणि अंधारात धोंडा हाताने चाचपून पाहिला. मला वाटले आता काही बोलेल. ती आत गेली.

चष्मा त्या दिवाळीनंतर व्हायचा तो शिमग्यानंतर झाला. मधले चार-पाच महिने ती भिंतीला हात लावत फिरली. चष्मा आला तेव्हा पडवीत बसून तिने परसातली झाडे एकेक करून नावाने ओळखली आणि आम्ही हसलो. आता तिला खुराडे स्वच्छ दिसत होते. तरी संध्याकाळ झाली की हाक यायचीच, "किती झाल्या रे?" मी बारावीला रत्नागिरीला जाईपर्यंत ती येत राहिली.

हे मी अण्णांना सांगितलेले नाही. भाद्रपदात त्यांच्या नातवाचे बारसे ठाण्याला होते. दोन दिवसांसाठी त्यांनी खुराडे माझ्याकडे सोपवले. किल्ली दिली, वही दिली, दाणा किती घालायचा ते लिहून दिले. "तुम्ही कोकणातले, तुम्हाला काय सांगायचं!" म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी मी पावणेसातला जाऊन बसलो. काबरी गेली. तांबड्या गेल्या. काळी गेली. मग कोणी येईना. सात वाजले. पांढरी नेहमी उशिराच येते हे मला ठाऊक होते, वहीतही होते. सव्वासात झाले. अंधार पडला. मी शेवग्यावर बॅटरी मारली, जिन्याचा कठडा पाहिला, मोगऱ्याचे वाफे पाहिले. चव्वेचाळीस वर्षांचा, दोन वर्गांना निबंध शिकवणारा माणूस मी. पण पोटात जे झाले ते थेट पाचवीतले होते. घरून मुलगी आली नि मोबाईलचा उजेड पाडत कुंपणाच्या कडेने शोधू लागली. 

"बाबा, ही बघा!"

मागच्या ओट्यावर रिकाम्या कुंड्या रचून ठेवलेल्या होत्या. त्यांच्या मागे, पालापाचोळ्यात, पांढरी अंग फुगवून बसली होती. खुडूक झाली होती. तिच्या पोटाखाली अंडी निघाली, सात. 'पांढरी अद्याप अंड्यावर आलेली नाही', अशी अण्णांच्या वहीत स्वच्छ नोंद आहे. घरात कोंबडा नाही, त्या अंड्यांतून काही निघायचे नव्हते. पण तिला ते कोण सांगणार? मी तिला उचलले, तिने माझ्या मनगटाला कडकडून टोच मारली, आणि मी तिला दांडीच्या टोकाला नेऊन बसवले.

मग मोजल्या. पाच. पुन्हा मोजल्या.

"बाबा, पाचच आहेत. किती वेळा मोजाल?" मुलगी म्हणाली.

अण्णांना फोन केला. तिकडे बारशाचा गलका चालला होता. त्यांनी नातवाचे नाव सांगायच्या आधी विचारले, "सर, किती झाल्या?"

"पाच."

"कडी लावलीत?"

"लावली."

जेवणे झाली, आवराआवर झाली. साडेदहाला मी चपला शोधू लागलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने कुठे निघालात म्हणून विचारले नाही. खुंटीवरची बॅटरी काढून हातात दिली.